पाळीवरची नजर

शेगाव–खामगाव पट्ट्यातल्या लहान तलावांची पाहणी आणि दुरुस्ती हे ज्याचे काम आहे, त्याला गावोगावी विचारला जाणारा प्रश्न ठरलेला असतो: धरण पक्के आहे ना? प्रश्न रास्त आहे, पण त्याच्या मुळाशी एक समजूत आहे. धरण एकदा नीट बांधले की ते पक्के होते आणि पुढे तसेच राहते, अशी ती समजूत. दगडी धरणाबाबत ती अर्धीमुर्धी खरी असेल. मातीच्या भरावाबाबत ती चुकीचीच आहे. माती दर उन्हाळ्यात सुकून आकसते, दर पावसाळ्यात भिजून फुगते. तिच्यात मुळे शिरतात, बिळे पडतात आणि आतून पाणी अखंड झिरपत राहते. मातीचे धरण सुरक्षित बांधता येते, पण त्यानंतर ते सुरक्षित ठेवावे लागते. या कामात आयुष्याचा मोठा भाग घालवल्यावर माझे मत असे बनले आहे की, लहान धरणाचा धोका त्याच्या उंचीवरून किंवा वयावरून ठरत नाही. त्याच्याकडे नियमित पाहणारा, पाहिलेले लिहून ठेवणारा आणि वेळ आली तर पाणी सोडण्याचा निर्णय घेऊ शकणारा माणूस आहे की नाही, यावरून तो ठरतो. आपली व्यवस्था मात्र आधी उंची मोजते.

बुलडाणा जिल्ह्याचे लोक घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग करतात. शेगाव घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात आहे. दक्षिणेकडच्या अजिंठ्याच्या रांगेतून उतरणारे नदीनाले उत्तरेला पूर्णेकडे जातात आणि त्यांच्या वाटेवर पाझर तलाव, गाव तलाव, साठवण तलाव, लघुपाटबंधारे तलाव अशी लहान मातीची कामे आहेत. पाऊस वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटरच्या घरातला, तोही मोजक्या दिवसांत पडून जाणारा. त्यामुळे या तलावांशिवाय हरभरा आणि गहू सोडाच, विहिरीचे पाणीही टिकत नाही. महाराष्ट्रातली अशी कितीतरी कामे १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमी योजनेतून उभी राहिली. हाताला काम देणे हा तेव्हाचा पहिला हेतू होता आणि तो योग्यच होता. पण त्या घाईत झालेल्या अनेक कामांचे नकाशे मुळातच त्रोटक होते. गाभ्यात कोणती माती घातली, पायाचा चर किती खोल गेला, दबाई कशाने झाली, याची नोंद आज हाताशी नसते. पन्नास वर्षांच्या भरावासमोर उभे राहिल्यावर आत काय आहे हे कागद सांगत नाही. तेव्हा भराव स्वतः जे दाखवतो तेच वाचावे लागते.

या भागात हे वाचन जास्त काळजीने करावे लागते, याचे कारण इथली माती. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरला आहे. तिथल्या काळ्या चिकणमातीत सोडियमचे प्रमाण जास्त असते. अशी माती कोरडी असताना दगडासारखी कडक वाटते, पण स्वच्छ पाण्यात तिचे कण एकमेकांना सोडतात आणि पाणी गढूळ होऊन ती वाहून जाते. साध्या चिकणमातीला झिजवायला पाण्याला वेग लागतो, या मातीला संथ पाणीही पुरते. भेगेतून किंवा बिळातून चाललेली बारीक धार म्हणूनच इथे लवकर मोठी होते. तपासणीची सोपी पद्धत आहे. मातीचे छोटे ढेकूळ काचेच्या पेल्यातल्या पाण्यात न हलवता ठेवायचे आणि त्याच्याभोवती दुधाळ ढग पसरतो का ते पाहायचे. यात एक बारकावा आहे, तो इथे फार महत्त्वाचा ठरतो. पेल्यातले पाणी खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचे असेल तर क्षारांमुळे कण धरून राहतात आणि माती निर्दोष वाटते. तेच ढेकूळ पावसाच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात टाकले तर विरघळू लागते. तलावात साठते ते पावसाचे गोडे पाणी. म्हणून चाचणीही तशाच पाण्यात व्हायला हवी. अशा मातीवर उपाय आहेत. जिप्सम किंवा चुना मिसळून ती सुधारता येते, गाभ्याच्या मागे वाळूची गाळणी देता येते, वर मुरुमाचे आवरण घालून ती सुकून भेगाळण्यापासून वाचवता येते. पण दोष ओळखला तरच उपाय होतो.

मातीची धरणे कशी फुटतात हे आता अंदाजाचे राहिलेले नाही. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे फॉस्टर, फेल आणि स्पॅनागल यांनी मोठ्या मातीच्या धरणांच्या जगभरातील फुटींचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध केला. त्यात जवळजवळ निम्म्या फुटी पाणी माथ्यावरून गेल्यामुळे किंवा सांडवा कमी पडल्यामुळे झालेल्या दिसतात आणि जवळजवळ निम्म्या भराव किंवा पाया आतून झिजल्यामुळे. उतार घसरून फुटलेली धरणे फार थोडी. आकडे मोठ्या धरणांचे असले तरी कारणे लहान तलावांनाही लागू पडतात, कारण माती आणि पाणी तेच आहे. या दोन्ही कारणांची चिन्हे बहुतेक वेळा आधी दिसतात आणि ती पाहायला महागडे यंत्र लागत नाही. सांडव्यात झुडपे, गाळ किंवा अतिक्रमण असेल तर पहिला धोका डोळ्यांसमोर असतो. पायथ्याशी नवी ओल, हिरवळीचा अनपेक्षित पट्टा, मातीचे कण घेऊन वर येणारा झरा, माथ्यावर अचानक पडलेला खड्डा, ही दुसऱ्याची चिन्हे. पाझर असणे हा दोष नाही, मातीचे प्रत्येक धरण पाझरते. पाझर स्वच्छ आहे की गढूळ, आणि जलाशयाची पातळी तीच असताना तो वाढतो आहे का, हे दोन प्रश्न खरे. पायथ्याच्या चरावर नव्वद अंशांची व्ही-खाच बसवली तर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पट्टीने मिळते. खाचेवरून पाण्याची उंची ५ सेंटिमीटर असेल तर सेकंदाला पाऊण लिटर पाणी जाते, १० सेंटिमीटर असेल तर सुमारे ४.४ लिटर. उंची दुप्पट झाली की प्रवाह साडेपाच पटींनी वाढतो. डोळ्याला हा फरक थोडा वाटतो, म्हणूनच आकडा लिहून ठेवावा लागतो.

प्रत्यक्ष पाहणीत वारंवार जे आढळते त्यात गुंतागुंतीचे असे फार थोडे असते. पाणबाजूचे पिचिंग जागोजाग खचलेले असते आणि लाटांनी त्यामागची माती ओढलेली असते. माथ्यावरून बैलगाड्या आणि ट्रॅक्टर जाऊन मध्ये खोलगट पडलेले असते. पाणी माथ्यावरून गेलेच तर ते पहिल्यांदा तिथूनच जाणार. मागच्या उतारावर पावसाने घळी पडलेल्या असतात आणि वेडी बाभूळ माजलेली असते. बाभळीबाबत गावात एक प्रामाणिक मतभेद कायम असतो: झाडांची मुळे माती धरून ठेवतात, मग ती का तोडायची? शेताच्या बांधावर हे म्हणणे बरोबर आहे. धरणाच्या भरावात मात्र मुळे ओलाव्याच्या दिशेने आत शिरतात, झाड मेले की कुजतात आणि पाण्याला तयार वाट मिळते. शिवाय झुडपांच्या गर्दीत घुशीचे बीळ किंवा ओलीचा डाग दिसत नाही. गवत हवे, झाड नको. मोठे झाड नुसते कापूनही भागत नाही, मुळासकट काढून खड्डा थर देऊन दाबून भरावा लागतो. विमोचकाची, म्हणजे पाणी सोडण्याच्या दरवाजाची आणि नळाची, स्थिती याहून नाजूक असते. दरवाजा गंजून अडकलेला, दांडा वाकलेला, आणि भरावाखालून जाणाऱ्या नळाच्या सांध्यांतून माती ओढली जात असण्याची शक्यता. विमोचक चालत नसेल तर संकटात पाणी उतरवण्याचा मार्गच उरत नाही, म्हणून मी त्याला पाझराइतकेच महत्त्व देतो.

आता कायद्याकडे पाहू. धरण सुरक्षितता कायदा २०२१ साली झाला. धरणाच्या मालकाने पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करावी, आपत्कालीन कृती आराखडा तयार ठेवावा, ठरावीक काळाने सर्वंकष मूल्यमापन करून घ्यावे, असे बंधन त्याने घातले. हे मोठे पाऊल आहे. पण कायदा कोणत्या धरणांना लागू? पंधरा मीटरपेक्षा उंच धरणांना. आणि दहा ते पंधरा मीटर उंचीच्या धरणांपैकी ज्यांची लांबी किमान ५०० मीटर, साठा किमान १० लाख घनमीटर, पूरविसर्ग सेकंदाला किमान २,००० घनमीटर, किंवा ज्यांचा पाया अवघड वा रचना वेगळी आहे त्यांना. दहा मीटरच्या आतली धरणे सगळी बाहेर राहतात. पाझर तलाव आणि गाव तलाव यांतले कितीतरी त्यात मोडतात. राज्यातली दुसरी विभागणी सिंचनक्षेत्राची आहे. शंभर हेक्टरपर्यंतची कामे जिल्हा परिषदेकडे, त्यावरची सहाशे हेक्टरपर्यंतची मृद व जलसंधारण विभागाकडे, त्याहून मोठी जलसंपदा विभागाकडे. प्रशासनाच्या सोयीसाठी ती ठीक आहे. पण उंची असो की हेक्टर, धरण फुटले तर खाली कोण आहे हे त्यातले एकही माप विचारत नाही. इंग्लंडमध्ये कायद्याची सुरुवात साठ्यापासून होते. जमिनीच्या पातळीच्या वर २५,००० घनमीटर पाणी धरणारा जलाशय नोंदवावा लागतो आणि त्याच्या फुटीने माणसाचा जीव धोक्यात येऊ शकतो का, यावर पुढची देखरेख ठरते. अमेरिकेतही धरणाची धोकाश्रेणी खालच्या वस्तीवरून लावतात. माप बदलले की लक्ष योग्य जागी जाते.

लहान साठा म्हणजे लहान पूर, असे वाटत असेल तर हिशेब करून पाहावा. १० लाख घनमीटर म्हणजे एक दशलक्ष घनमीटर. मोठ्या प्रकल्पांच्या तुलनेत हा साठा किरकोळ. तो तासाभरात रिकामा झाला तर सरासरी प्रवाह सेकंदाला सुमारे २७८ घनमीटर, म्हणजे दहा हजार क्युसेकच्या जवळ जातो. लाटेचा माथा सरासरीपेक्षा उंच असतो, आणि हे सगळे पाणी वर्षातला बराच काळ कोरड्या असणाऱ्या नाल्यातून येते. त्या नाल्याच्या काठावर घरे, गोठे, मोटरपंप आणि पूल असतात. शेगाव परिसरात आणखी एक गोष्ट धरावी लागते, ती म्हणजे चालणारी माणसे. श्री गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना शेवटचा टप्पा खामगाव ते शेगाव असतो आणि त्या वाटेवर प्रचंड संख्येने भाविक चालतात. ऋषिपंचमीला महाराजांच्या पुण्यतिथी उत्सवासाठी पुन्हा दिंड्या येतात. दोन्ही गोष्टी भर पावसाळ्यात, म्हणजे तलाव भरत आलेले असतानाच होतात. नाल्यावरच्या पुलावरून जाणारा वारकरी कोणत्याही गावच्या खानेसुमारीत त्या जागी मोजलेला नसतो. धरणाखालची लोकसंख्या ठरवताना त्या रस्त्यांचाही विचार झाला पाहिजे.

पाहिलेल्या चिन्हावर वेळेत कृती झाली तर काय होते आणि न झाली तर काय होते, याचे दोन दाखले शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि वीसच्या आसपास माणसे गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या, असे तेव्हा समोर आले. खेकड्यांनी भराव पोखरला, असे एक कारण सांगितले गेले आणि त्यावर बरीच टीका झाली. मला ते कारण तांत्रिकदृष्ट्या गंभीरपणे घ्यावेसे वाटते, कारण प्राण्यांची बिळे भरावाला खरोखर इजा करतात. पण ते खरे मानले तरी जबाबदारी कमी होत नाही, वाढते. बीळ एका रात्रीत पडत नाही. ते दिसते, भरता येते, आणि ते शोधणे हाच पाहणीचा हेतू आहे. दुसरा दाखला मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्याचा. कारम नदीवर बांधकाम चालू असलेल्या मातीच्या धरणाला ऑगस्ट २०२२ मध्ये गळती लागली. खालची गावे रिकामी केली गेली, बाजूने चर खोदून पाणी काढून दिले गेले. धरणाचे नुकसान झाले, पण जीवितहानी झाली नाही. बांधकाम सदोष असूनही माणसे वाचली, कारण गळती दिसल्यापासून पाणी येईपर्यंतचा वेळ वापरला गेला. पुण्याजवळच्या पानशेत धरणाच्या १२ जुलै १९६१ च्या फुटीतही आदल्या रात्री जवानांनी खचणाऱ्या भरावावर वाळूची पोती रचून काही तास मिळवले होते. ते तास पुण्यातल्या लोकांपर्यंत इशारा म्हणून नीट पोचले असते तर हानी पुष्कळ कमी झाली असती.

यावर पहिला आक्षेप पैशाचा असतो. राज्यात असे तलाव हजारो आहेत, प्रत्येकासाठी माणूस आणि निधी कुठून आणायचा? आक्षेप खोटा नाही. पण मी जे मागतो आहे ते प्रत्येक धरणाची पुनर्बांधणी नव्हे. सांडवा मोकळा करणे, झुडपे काढणे, माथ्याचा खोलगट भाग मुरूम टाकून दाबणे, दरवाजाला वर्षातून दोनदा वंगण देऊन तो चालवून पाहणे, पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी आणि एक व्ही-खाच बसवणे ही कामे गावाच्या आवाक्यातली आहेत. त्यांतली बरीचशी रोजगार हमीतून होऊ शकतात. ज्या योजनेने ही धरणे उभी केली तिनेच ती सांभाळणे सुसंगतही आहे. सगळ्या तलावांना सारखे लक्ष द्यायचीही गरज नाही. ज्याच्या खाली वस्ती किंवा वर्दळीचा रस्ता आहे आणि ज्याचा भराव विरघळणाऱ्या मातीचा आहे, तो यादीत वर घ्यावा.

दुसरा आक्षेप अनुभवाचा आहे: पन्नास वर्षे काही झाले नाही, आता काय होणार? जे धरण पन्नास पावसाळे टिकले त्याने आपली ताकद दाखवली, यात तथ्य आहे. कितीतरी फुटी पहिल्यांदा भरताना किंवा पहिल्या काही वर्षांतच होतात. पण टिकलेले धरण ज्या परिस्थितीत टिकले, ती परिस्थिती तीच राहिली आहे का? नळ गंजला, सांडवा अरुंद झाला, माथा खाली बसला, तर ते धरण आता दुसरेच आहे. अमेरिकेत जॉन्सटाउनच्या वरचे साउथ फोर्क धरण ३१ मे १८८९ रोजी फुटून २,२०० हून अधिक माणसे मेली, तेव्हा ते अनेक दशके जुने होते. मधल्या काळात त्याचे पाणी सोडण्याचे नळ काढून टाकले गेले, माथा खाली आणला गेला आणि मासे जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसवल्या गेल्या होत्या. पाऊसही बदलतो आहे. २२ जुलै २०२३ रोजी शेजारच्या संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत जो पाऊस कोसळला, तो सातपुड्याऐवजी दक्षिणेच्या नाल्यांवर पडला असता तर कोणता सांडवा पुरला असता, हा प्रश्न इथल्या प्रत्येक तलावाला विचारायला हवा.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो शेतकऱ्याचा आहे. शंका आली की पाणी सोडायचे म्हटले तर रब्बी कुणी भरून द्यायची? कोरडवाहू भागात भरलेला तलाव म्हणजे पुढच्या आठ महिन्यांची हमी असते आणि एखाद्या अभियंत्याच्या संशयासाठी ती नाल्यात सोडणे सोपे नाही. हे मी पूर्ण मान्य करतो, आणि हेही की काही वेळा पाणी सोडल्यावर धोका नव्हता असे ठरेल. त्या चुकीची किंमत मोजायची तयारी ठेवली पाहिजे, कारण उलट चुकीची किंमत माणसांच्या जिवात मोजावी लागते. पण हा निर्णय भर पुरात, रात्री, एका माणसाच्या हिमतीवर सोडणे अन्यायाचे आहे. कोणत्या चिन्हावर किती मीटर पाणी उतरवायचे, ते कुणी ठरवायचे आणि ज्यांचे पाणी गेले त्यांना काय द्यायचे, हे पाणी वापर संस्था, ग्रामपंचायत आणि धरणाचा मालक विभाग यांनी उन्हाळ्यातच बसून लिहून ठेवले पाहिजे. अनेकदा एक-दोन मीटर पाणी उतरवल्याने भरावावरचा दाब इतका कमी होतो की दुरुस्तीला सवड मिळते आणि उरलेला साठाही हाती राहतो. लोकांना धोक्याची माहिती दिली तर घबराट होईल, असेही म्हटले जाते. माझा अनुभव उलट आहे. जिथे काहीच सांगितले जात नाही तिथे अफवा चालतात. जिथे पट्टीवरचा आकडा गावच्या फळ्यावर लिहिलेला असतो तिथे लोक तो वाचतात आणि प्रश्न विचारतात.

म्हणून मागणी नेमकी आहे. उंची किंवा हेक्टर काहीही असो, ज्याच्या फुटीने माणूस मरू शकतो अशा प्रत्येक मातीच्या धरणाची खालच्या वस्तीनुसार श्रेणी लावावी. खारपाणपट्ट्यातल्या भरावांची माती पावसाच्या पाण्यात तपासून घ्यावी. प्रत्येक श्रेणीबद्ध तलावासाठी गावातलाच एक प्रशिक्षित माणूस मानधनावर नेमावा. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत त्याने ठरलेल्या दिवशी पाळीवर चालावे, पाझर मोजावा आणि वहीत लिहावे. ती वही अभियंत्याने तपासून सही करावी आणि गढूळ पाझराची नोंद आली तर किती तासांत कुणी पोचायचे, हे आदेशात असावे. त्या माणसाला तहसीलदारापर्यंत थेट फोन करता यावा. पूर्णेवर जिगावसारखा मोठा प्रकल्प उभा राहतो आहे, त्याला कायद्याचे, अभियंत्यांचे आणि उपकरणांचे पाठबळ मिळेल आणि मिळालेच पाहिजे. पण इथल्या बहुसंख्य गावांच्या डोक्यावर आज जे पाणी आहे ते लहान तलावांचे आहे. त्या तलावांची राखण आपण करू शकतो, ज्ञानही आहे आणि खर्चही आवाक्यात आहे. उरतो तो निर्णय, आणि तो पुढच्या मृगाच्या आत घेता येण्यासारखा आहे.